भुईगावचं उलटं घर

भुईगाव, वसई
४ नोव्हेंबर २०२४

जयवंतीबाई,

भुईगावहून आलोशियस तुस्कानोचा नमस्कार. फोन करणार होतो, पण गेल्या खेपेस मी इकडून तब्येतीची चौकशी केली आणि तुम्ही तिकडून किती वाजले ते सांगितलंत. म्हटलं, आता पत्रच बरं. भुईगाव ते आचोळे हे अंतर रिक्षाने पाऊण तासाचं आणि पोस्टाने आठवड्याचं आहे, पण निदान माझं म्हणणं तुमच्यापर्यंत धड पोचेल.

कारण असं, की आमच्या घराने माझ्या डोक्याचा भुगा केला आहे. गेल्या महिन्यात सुमेध नावाचा एक तरुण आर्किटेक्ट आला. त्याची संस्था जुन्या घरांची यादी करते आहे. वांद्र्याच्या गर्द झाडीत बंगले बांधणारे जे नामवंत आर्किटेक्ट होते, त्यांच्यापैकी कोणी आपल्या वसईच्या वाड्यांमध्येही काही बांधलं का, हे तो शोधतोय. आमची गोलाकार ओटी आणि उंच खिडक्या पाहून तो रस्त्यावरच थबकला. मी वडिलांच्या पेटीतून त्याला एक पारदर्शक मेणकापड काढून दिलं. त्यावर घराचा नकाशा आणि खाली सही, व्हॅलेरियन मस्कारेन्हस. पोरगा मटकन खुर्चीत बसला. हे मस्कारेन्हस साहेब त्या काळचं फार मोठं नाव, असं म्हणतो. माझे वडील पास्कू त्यांच्या बंगल्यावर भाजी आणि केळी पोचवायचे. त्या ओळखीवर साहेबांनी नकाशा काढून दिला असणार.

आता गोंधळ ऐका. नकाशा आमच्याच घराचा आहे, पण घर उलटं आहे. कागदावर स्वयंपाकघर समुद्राच्या बाजूला, प्रत्यक्षात ते डोंगराच्या बाजूला. झोपायच्या खोल्या कागदावर डोंगराकडे, घरात समुद्राकडे. सुमेधने दोन दिवस टेप लावून मापं घेतली. मापं इंचाइंचाला जुळतात, फक्त बाजू बदललेल्या आहेत.

तो म्हणतो, साहेबांनी स्वतः इथे येऊन, जागा बघून नकाशा फिरवला असेल तर घर त्यांचं म्हणता येईल. ते आलेच नसतील तर नाही. आणि इथे मी कामाला येतो. १९५३ साली मी सात वर्षांचा होतो. जोत्यावर उभा राहिलेला, साहेबी टोपी घातलेला एक माणूस मला स्वच्छ आठवतो. त्याच्या हातात हेच मेणकापड होतं, आणि त्याने मला ओळंब्याची दोरी धरायला दिली होती. सुमेध म्हणाला, सर, एवढं लिहून सही करा, पुरे.

ती सही मला करायलाच हवी, कारण केविन. केविन म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा मुलगा, दुबईला असतो. समुद्राकडचं अर्धं घर त्याच्या वाट्याचं आहे. त्याचं म्हणणं सरळ आहे: "काका, साहेबाचं घर असेल तर ठेवू. गवंड्याचंच असेल तर पाडू, अशी घरं गावात पन्नास होती."

सुमेधला गवंड्याचंही नाव हवंय. तो चांदीपचा होता एवढंच मला ठाऊक. गावात सगळे त्याला उलटा गवंडी म्हणायचे. तुमचं माहेर चांदीपचं, तेव्हा जरा चौकशी करा. सुमेधचा विरारचा पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे.

आपला,
आलोशियस


आचोळे, नालासोपारा पूर्व
१४ नोव्हेंबर २०२४

आलोशियस सर,

पत्र मिळालं. किती वाजले ते मी सांगितलं नव्हतं. ऐकू येत नाही, एवढंच म्हणाले होते. तुमचेही कान तपासून घ्या.

चांदीपला त्या काळी चार-पाच गवंडी होते. सगळे कधीच वारले. माहेरी आता भावाची मुलं आहेत, त्यांना विचारून काही हाती लागणार नाही. तुम्ही त्या फंदात पडू नका. साहेबांची सही आहे, तुमची आठवण आहे, कागद लिहून द्या आणि मोकळे व्हा. गवंड्यांची नावं कोण वाचतं?

त्या टोपीचा रंग आठवतो का? आणि मागच्या बाजूला शिवण होती का? सहज विचारते.

स्वयंपाकघरातला धूर घरात शिरत नसेलच. आता गॅस आहे म्हणा.

इझाबेलबाईंना नमस्कार सांगा. माझे गुडघे बरे आहेत. स्वप्ना ऑफिसला गेली की मी दिवसभरात एकच वर्तमानपत्र दोनदा वाचते. ती म्हणते, आई, दुसऱ्यांदा वाचताना बातमी बदलते का?

जयवंती म्हात्रे


भुईगाव
२६ नोव्हेंबर २०२४

जयवंतीबाई,

टोपी मातकट पांढरी होती आणि मागे काळ्या दोऱ्याने शिवलेली होती. तुमचा प्रश्न वाचेपर्यंत मला ती शिवण आठवलीच नव्हती, आणि आता डोळ्यांसमोरून जात नाही. तुम्हाला कसं सुचलं ते विचारायला? आणि धुराचं काय? आपण एका शाळेत बावीस वर्षं शिकवलं. दर नाताळला मी तुम्हाला घरी बोलावलं आणि दरवेळी तुमच्याकडे तयार कारण होतं. मग आमच्या स्वयंपाकघरातल्या धुराची तुम्हाला काय खबर? इझाबेल म्हणते, तिनेच कधीतरी शाळेच्या स्नेहसंमेलनात सांगितलं असेल. तिला ते आठवत नाही, पण तिची खात्री आहे.

सुमेध परत येऊन गेला. त्याने आता नवंच काढलंय. म्हणतो, मेणकापड पारदर्शक असतं, अडाणी गवंड्याने ते मागच्या बाजूने धरलं असेल आणि तसंच बांधून काढलं असेल. आम्ही दोघं खूप हसलो. मी म्हटलं, गाढवाच्या हातात नकाशा दिला की असंच होणार. तो म्हणाला, सर, हे पुस्तकात घालण्यासारखं आहे.

तो गेल्यावर मात्र मी बुचकळ्यात पडलो. साहेबांनी स्वतः घर फिरवलं असेल, तर माझे वडील मरेपर्यंत त्या गवंड्याच्या नावाने बोटं का मोडत होते? भिंती खिडक्यांपर्यंत आल्यावर फादरांनी नकाशा पाहिला आणि घर उलटं चाललंय हे त्यांनीच दाखवलं, असं वडील सांगायचे. मग गावभर हसं झालं. बरं, गवंडी चुकला म्हणावं, तर हातात नकाशा धरून जोत्यावर उभे असलेले साहेब ते मुकाट्याने बघत राहिले का? एक खरं मानलं की दुसरं खोटं पडतं, आणि माझी आठवण तर मला कशीही करून खरी हवी आहे.

सही अजून दिलेली नाही. तुम्ही गणित शिकवायचात, तुम्हीच सोडवा.

आलोशियस


भुईगाव
३० डिसेंबर २०२४

जयवंतीबाई,

महिना उलटला, उत्तर नाही. नाताळची मिठाई या वर्षी तुमच्याकडे पोचली नाही हे मला मान्य आहे. जेन्सन रिक्षावाल्याच्या हाती डबा दिला होता. तो म्हणतो इमारत सापडली नाही, पण डबा रिकामा परत आला. त्यावरून रुसला असाल तर इझाबेल पुन्हा करायला तयार आहे.

तब्येत बरी नसेल तर स्वप्नाला दोन ओळी लिहायला सांगा. काळजी वाटते आहे.

नवीन वर्षाच्या शुभेच्छा.

आलोशियस


आचोळे
९ जानेवारी २०२५

आलोशियस सर,

मिठाईवरून रुसायचं माझं वय नाही. तुम्हाला खरं सांगावं की नाही, हे ठरवायला मला इतके दिवस लागले.

तुमचा उलटा गवंडी म्हणजे माझे वडील, शांताराम भोईर, राहणार चांदीप. तुम्ही गाढव म्हणालात ते त्यांनाच.

ती टोपीही त्यांचीच. वांद्र्याला मस्कारेन्हस साहेबांच्या बंगल्यांवर बाबांनी आठ वर्षं काम केलं. साहेबांनी आपली जुनी टोपी त्यांना दिली. ती मागे उसवली तेव्हा आईने काळ्या दोऱ्याने शिवली, कारण घरात पांढरा दोरा नव्हता. उन्हात काम करताना बाबा ती घालत. जोत्यावर उभा असलेला तुमचा साहेब माझा बाप होता. खरे साहेब भुईगावला कधी आल्याचं बाबांच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही.

फादरांनी नव्या घराला आशीर्वाद दिला त्या दिवशी तुमच्याकडे, तुमच्या रिवाजाप्रमाणे, कामावरच्या सगळ्यांना जेवण होतं आणि प्रत्येकाला नवं उपरणं. चांदीपचे बिगारी उपरणी घेऊन आले. बाबा सकाळपासून धुतलेला सदरा घालून आमच्या ओट्यावर बसले होते. त्यांना बोलावणं आलं नाही. मी पाच वर्षांची होते, पण संध्याकाळी त्यांनी तो सदरा काढून घडी घातली ते मला आठवतं. त्यानंतर कोणी त्यांना घर बांधायला दिलं नाही. त्यांनी विहिरींचे कठडे बांधले, कुंपणाच्या भिंती बांधल्या, शेवटी वीटभट्टीवर गेले.

चूक झाली होती की नाही, मला माहीत नाही. बाबा म्हणायचे, "पोरी, मी वारा बघून घर फिरवला. साहेबाने वांद्र्याला बसून कागद काढला, त्याला भुईगावचा वारा काय ठाव? रांधन दर्याकडं ठेवला असता तर धूर नि पावसाचं पानी सगळं घरात." आई म्हणायची, हे सगळं मागाहून सुचलेलं, तुझ्या बापाला कागद सुलटा धरता येत नव्हता. मी दोघांचंही ऐकत मोठी झाले. शाळेत फळ्यावर भूमितीची आकृती काढताना दरवेळी मनात यायचं, की आईचंच खरं असणार. मला त्याची लाज वाटायची, आणि लाज वाटते याचीही लाज वाटायची.

म्हणून मी तुमच्याकडे कधी आले नाही. घर बघितलं की चूक दिसेल, अशी भीती होती.

त्यांचं नाव कुठेही लिहू नका. नावापुढे 'चुकून' हा शब्द आला तर तो वाचणं मला सहन होणार नाही.

जयवंती


भुईगाव
२० जानेवारी २०२५

जयवंतीबाई,

तुमचं पत्र मी वाचलं, मग इझाबेलने वाचलं, मग आम्ही जेवलो नाही. तो शब्द मी लिहायला नको होता. माझ्या वडिलांनी तुमच्या वडिलांना जेवायला बोलावलं नाही आणि सत्तर वर्षांनी मी त्यांना शिवी दिली. मला फार वाईट वाटतं आहे. क्षमा मागतो, दोघांच्या वतीने.

आणि गंमत अशी, की लहानपणापासून मी गावभर ऐट मिरवत आलो की एका मोठ्या साहेबाने मला ओळंबा धरायला दिला होता.

पण हे पत्र निव्वळ क्षमेचं नाही. गेले चार दिवस मी मेणकापड घेऊन घरभर फिरतो आहे. एकदा ते सुलटं धरतो, एकदा मागून धरतो. इझाबेलला वाटतं माझं डोकं फिरलं. मागून धरलं की सगळं घर नीट जुळतं. एकच गोष्ट जुळत नाही, ती म्हणजे माळ्यावर जाणारा जिना. जिना साहेबांनी सुलट्या कागदावर काढला तसाच आहे, चढताना उजव्या हाताला भिंत आणि डाव्या हाताला कठडा. सुमेधच्या वहीतही तशी नोंद आहे, पुढे प्रश्नचिन्ह. कागद मागून बघून बांधणाऱ्याने जिनाही उलटाच बांधला असता ना?

मग मी जिना चढून पाहिला. तरुणपणी भाताची पोती मीच माळ्यावर न्यायचो. पोतं उजव्या खांद्यावर, डावा हात कठड्याला. तोल गेलाच तर माणूस पोत्यासकट भिंतीला टेकतो, खाली पडत नाही. घराबरोबर जिनाही फिरवला असता तर ओझ्याच्या बाजूला कठडा आला असता, आणि एखादा पोत्यासह खाली ओटीत आला असता. वांद्र्याच्या बंगल्यात माळ्यावर भात कोण नेतो? साहेबांचा जिना योगायोगाने सोयीचा निघाला. तुमच्या बाबांनी तो तेवढा ओळखून जागच्या जागी ठेवला आणि बाकी सगळं घर वाऱ्याच्या हिशेबाने फिरवलं. ज्याला कागद कळत नाही, त्याला हे जमणार नाही. बाई, तुमच्या आईचं चुकलं होतं.

आता माझी पंचाईत. टोपीवाला साहेब होता असं लिहिलं तर घर राहतं. टोपीवाला शांताराम भोईर होता असं लिहिलं तर केविन आपला वाटा पाडणार. सुमेधने दिलेल्या फॉर्मवर घर रचणाऱ्याच्या नावासाठी एकच ओळ आहे. मी मोठेपणाचा आव आणत नाही, मला घर हवं आहे. अजून काही ठरवलेलं नाही.

आलोशियस


आचोळे
१ फेब्रुवारी २०२५

आलोशियस सर,

जिन्याची हकिगत मी तीनदा वाचली. मग पाटी घेऊन घर काढलं, फिरवलं, जिना तसाच ठेवला. स्वप्ना ऑफिसातून आली तेव्हा मी रडत होते. तिला वाटलं कोणीतरी गेलं. म्हटलं, नाही गं, तुझे आजोबा बरोबर होते.

मला एवढं पुरे आहे. बाबांचं नाव यादीत आलं नाही तरी चालेल. तुमचं घर मात्र राहिलं पाहिजे, कारण त्यांनी बांधलेलं ते एकच उरलं आहे.

म्हणून मी आजच सुमेधला एक कागद लिहून पाठवला. गवंडी शांताराम भोईर माझे वडील; मस्कारेन्हस साहेब स्वतः भुईगावला आले होते आणि घर फिरवायला त्यांनीच सांगितलं, असं वडील मला सांगत. खाली सही केली. तुमच्या पहिल्या पत्रावर त्याचा पत्ता होता तसाच घातला. आयुष्यात पहिल्यांदा खोटी सही केली. यात कोणाचं नुकसान नाही. घर राहील, आणि उलटा गवंडी हा डागही जाईल, कारण सांगितलं तसं केलं त्यात गवंड्याची काय चूक?

तुम्हीही तुमची आठवण पहिल्यासारखीच लिहून द्या. टोपी साहेबांचीच होती, तेव्हा फारसं खोटं होत नाही.

जयवंती


भुईगाव
१ फेब्रुवारी २०२५

जयवंतीबाई,

आज सकाळी चर्चमधल्या मिस्साहून आलो, चहा न घेता टेबलाशी बसलो आणि फॉर्म भरला. नावाच्या ओळीत लिहिलं: शांताराम भोईर, गवंडी, चांदीप. सोबत माझं निवेदन, की टोपी घातलेला माणूस तेच होते, साहेब इथे कधी आले नाहीत, घर फिरवणं ही चूक नव्हती आणि पुरावा म्हणून जिना बघावा. इझाबेलने साक्षीदार म्हणून सही केली. दुपारी सुमेध येऊन फॉर्म घेऊन गेला. त्याचा चेहरा उतरला होता, पण जिना त्याने पुन्हा मोजला.

केविनला काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही. पण सकाळपासून मला बरं वाटतं आहे. नाव लिहू नका असं तुम्ही म्हणाला होतात, ते मी मोडलं. रागावायचं असेल तर रागवा.

आलोशियस


विरार
१४ फेब्रुवारी २०२५

आदरणीय तुस्कानो सर आणि म्हात्रे मॅडम,

दोघांना एकच पत्र पाठवतो आहे. मी पूर्ण कन्फ्यूज झालोय.

माझ्यासमोर दोन सह्यांचे कागद आहेत. सर लिहितात, साहेब कधी आलेच नाहीत, घराचं सगळं श्रेय गवंड्याचं. मॅडम लिहितात, साहेब आले होते, गवंड्याने फक्त सांगितलेलं केलं. म्हणजे घराचे मालक साहेबांना नाकारतायत आणि गवंड्याची मुलगी वडिलांना. मी आतापर्यंत साठ घरं पाहिली. लोक आपल्या बाजूने खोटं बोलतात हे मला माहीत आहे. इथे कोण कोणाच्या बाजूने बोलतंय तेच समजत नाही.

समितीची बैठक १५ मार्चला आहे. दोन्ही कागद तसेच ठेवले तर समिती घर यादीतून वगळेल. प्लीज, आपसात बोलून एकच काय ते कळवा.

आणि सर, 'गाढवाच्या हातात नकाशा' ते वाक्य मी पुस्तकातून काढलं आहे. मला माहीत नव्हतं.

आपला नम्र,
सुमेध


भुईगाव
३ मार्च २०२५

जयवंतीबाई,

सुमेधचं पत्र आणि तुमचं पत्र आलं तेव्हा इझाबेल आधी हसली आणि मग तिने डोळे पुसले. माझ्यासाठी कोणी खोटं बोलेल असं मला कधी वाटलं नव्हतं, त्यातून तुम्ही, ज्या एका मार्काची खाडाखोड दिसली तरी पेपर परत तपासायच्या.

केविनला मी सगळं सांगितलं. तो ऐकून घेतो, पोरगा वाईट नाही. पण म्हणाला, "काका, बाई स्वतः लिहून देतायत ना, मग तुमचा प्रॉब्लेम काय? तुमचा कागद मागे घ्या, विषय संपला." मी म्हटलं, बाईंचं लिहिणं खरं नाही. तो म्हणाला, मग माझा वाटा मला मोकळा करून द्या, मेमध्ये येऊन मी पाडून टाकतो. समुद्राकडच्या सगळ्या खोल्या त्याच्या आहेत. मधली भिंत मजबूत आहे, माझी बाजू उभी राहील असं सुमेध म्हणतो. अर्धं घर कसं दिसतं ते तुम्ही कुठेतरी पाहिलं असेल. मला ते विचार करूनच नकोसं होतं.

मी माझा कागद मागे घेणार नाही, तेवढं मला जमत नाही. पण सुमेधने स्पष्ट सांगितलं आहे, की तुमचा कागद राहिला तर समितीला माझ्यापेक्षा तुमचंच पटेल. मी सात वर्षांचं पोर होतो, तुम्ही गवंड्याची मुलगी. तेव्हा निकाल तुमच्या हातात आहे. तुम्ही सही ठेवलीत तर अख्खं घर राहील आणि मी एक अक्षर बोलणार नाही. काढलीत तरी बोलणार नाही. मला अख्खं घर हवं आहे, हे मात्र लपवत नाही. शेवटी बाप तुमचा आहे.

आलोशियस


आचोळे
१० मार्च २०२५

आलोशियस सर,

हे पत्र स्वप्नाच्या हाती पाठवते आहे, पोस्टाचा भरवसा नाही.

तुमचं पत्र परवा आलं. मग माझ्या त्या खोट्या कागदाची नक्कल काढून स्वप्नाला वाचायला दिली. तिने वाचली आणि विचारलं, "आजोबांनी खरंच असं सांगितलं होतं का तुला?" मी हो म्हणणार होते. पण तोंडातून 'नाही' निघून गेलं.

बाबा आयुष्यभर एकच गोष्ट सांगत राहिले, की घर मी फिरवलं, माझ्या बुद्धीने फिरवलं. तुमच्या वडिलांनी ऐकलं नाही, गावाने ऐकलं नाही, माझ्या आईने ऐकलं नाही. आणि मी काय केलं? त्यांच्या माघारी, त्यांच्याच तोंडी घातलं, की मी नाही, साहेबांनी सांगितलं म्हणून केलं. मी समजत होते, मी त्यांच्यावरचा डाग पुसते आहे. प्रत्यक्षात त्यांची एकुलती एक हुशारीही मी साहेबाला देऊन टाकत होते.

काल स्वप्नाबरोबर विरारला गेले आणि सुमेधसमोर माझा कागद फाडला. नवा लिहून दिला. त्यात तुम्ही लिहिलंय तेच आहे, फक्त सदऱ्याची गोष्ट जास्त आहे. सुमेध म्हणाला, मॅडम, याने सरांचं अर्धं घर जाईल. मी म्हटलं, माहीत आहे. रिक्षात बसल्यावर मला रडू आलं, कारण तुम्हाला काय हवं आहे ते तुम्ही लपवलं नव्हतंत आणि तरीही मी हे केलं. मला क्षमा करा असं म्हणणार नाही. पण वाईट वाटतं, आणि ते तुम्हाला कळावं.

येत्या रविवारी मी तुमच्याकडे येते आहे. या वेळी कारण नाही. केविनचा वाटा पडायच्या आधी मला सगळं घर बघायचं आहे, समुद्राकडच्या खोल्यांसकट. जेवायला थांबेन, इझाबेलबाईंना सांगून ठेवा. आणि आत येण्याआधी रस्त्यावर उभी राहून एकदा मोठ्याने म्हणणार आहे, की हे घर माझ्या बाबांनी बांधलं. शेजारीपाजारी बाहेर आले तर येऊ द्या.

जयवंती शांताराम भोईर